कर्रकर्र नेमकी कुठून येते?

श्रोतेहो, नमस्कार.

गणेश चवथ आटोपली, पाऊस ओसरला की गोव्यातल्या पडव्यांमधून सायकली बाहेर निघतात. फडका मारला, हवा भरली की झालं, असं वाटतं. पहिल्याच चढणीला कर्रकर्र सुरू होते आणि मुलगा घरी येऊन जाहीर करतो, "बाबा, सायकल गेली!" सायकल जात नाही हो. आवाज कुठून येतो ते कुणी पाहिलेलं नसतं, एवढंच.

पाहायचं कसं? सायकल स्टँडवर लावा, मागचं चाक फिरवा आणि पेडल थांबवा. तरीही आवाज येत असेल तर तो हबमधून, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यातून, किंवा ब्रेकमधून येतोय. पेडलच्या प्रत्येक फेऱ्याला एकदाच 'टक्' होत असेल तर पेडल नाहीतर क्रँक, म्हणजे पेडल ज्याला बसवलेलं असतं तो दांडा, बघा. आणि सलग कुरकुर असेल तर बहुतेक वेळा गुन्हेगार चेन.

चेनवर थोडं थांबतो, कारण आपल्याकडे तिचे हाल फार. किनाऱ्यावरच्या मोरजी, मांद्रे, हरमलकडे वाऱ्याबरोबर खारं येतं आणि मीठ हवेतला ओलावा ओढतं. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठही पाझरतं, आणि पावसाळ्यात आपली हवा त्याहून ओली असते. त्यामुळे छपराखाली उभी असलेली सायकलसुद्धा गंजते. डिचोली-सांखळीकडे त्रास वेगळा. तिथली लाल माती तेलात कालवली गेली की ती पॉलिश पेपरसारखी चेन घासत राहते. म्हणून मळलेल्या चेनवर वरून तेल ओतू नका. आधी जुन्या ब्रशने डिझेल लावून काळा राडा काढा. पूर्वी यासाठी केरोसीन असायचं, हल्ली ते सहज मिळत नाही. मग चेन कोरडी करा, प्रत्येक कडीवर मशीन ऑइलचा एकेक थेंब सोडा आणि वरचं जास्तीचं पुसून घ्या. तेल आत हवं. बाहेर राहिलं तर धूळ चिकटते. आणि खोबरेल नको! ते 24 अंशांच्या आसपास थिजतं, नंतर चिकट होतं. केसांना लावा, चेनला नको.

चेन झिजली की नाही, हे फूटपट्टीने कळतं. शून्याची खूण चेनच्या कड्या जोडणाऱ्या एका पिनीच्या मध्यावर धरा. दोन पिनींमधलं अंतर अर्धा इंच, म्हणजे तिच्यापुढची चोविसावी पिन बरोबर 12 इंचांवर यायला हवी. ती एक अष्टमांश इंच पुढे गेली असेल तर चेन बदला. गिअरच्या सायकलीला त्याच्या निम्मंच पुढे गेली तरी बदललेली बरी. आपण म्हणतो चेन 'ताणली', पण लोखंड लांबत नाही, आतल्या पिनी झिजतात. फार उशीर केलात तर फ्रीव्हीलचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्राचे, दातही झिजतात, आणि मग नवी चेन जुन्या दातांवरून उड्या मारते. तेव्हा दोन्हींचा खर्च अंगावर येतो.

आता हवा. रात्री भरलेली सकाळी नाही, म्हणजे पंक्चरच, असं धरून चालू नका. साध्या सायकलीच्या वॉल्व्हमध्ये एक बारीक रबरी नळी असते, ती कुजते. वॉल्व्हच्या तोंडाला थुंकी लावा. बुडबुडा आला तर दोन-चार रुपयांत काम होतं. पंक्चर असेलच, तर ट्यूब घासून सोल्युशन, म्हणजे पंक्चरचा डिंक, लावल्यावर घाई करू नका. बोटाला चिकटेनासं झालं की मगच पॅच दाबा. ओल्यावर लावलेला पॅच दुसऱ्या दिवशी सुटतो आणि शिव्या मात्र सोल्युशनला बसतात.

ब्रेक किंचाळत असतील तर रबरात रुतलेले खडे टाचणीने उकरून काढा आणि रिम पुसून घ्या. बहुतेकदा तेवढ्यावर भागतं.

जुन्या काळ्या सायकलीचा क्रँक खडखडत असेल तर कॉटर पिन, म्हणजे क्रँक आसाला घट्ट धरणारी खीळ, बघा. नुसता नट आवळून उपयोग नाही. पिन हातोडीने ठोकून बसवायची असते, नट तिला फक्त धरून ठेवतो. पिन वाकली असेल तर सायकल दुकानात न्या. आणि पेडल काढायचं झालं तर डाव्या बाजूचे आटे उलटे असतात, हे ध्यानात ठेवून पान्हा लावा: डावं पेडल घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सुटतं.

नमस्कार.