प्लेटच्या मातीला आधार कुठे मिळतो

आज फक्त प्लेटबद्दल बोलूया. कुंभाराच्या चाकावर नवीन बसणाऱ्या बऱ्याच जणांना प्लेट सोपी वाटते, कारण भिंत फारशी उचलायचीच नसते, पण खरं सांगायचं तर वाटी स्वतःला तोलून धरते, तिचा बाकच तिला आधार देतो, आणि प्लेटमध्ये माती नुसती आडवी पसरलेली. म्हणून प्लेट करताना मी सारखं हेच बघते की या आडव्या मातीला आत्ता आधार कुठून मिळतोय.

भाजून 25 सेंटीमीटरची प्लेट हवी तर साधारण दीड किलो माती घ्या आणि चाकावर ती 28च्या आसपास करा, कारण स्टोनवेअर, म्हणजे जास्त तापमानाला भाजायची माती, सुकताना आणि भाजताना मिळून 10-12 टक्के आक्रसतं. काम बॅटवरच, म्हणजे चाकावर बसवायच्या सपाट फळीवरच करायचं, ओली प्लेट हाताने उचलता येतच नाही. गोळा सेंटर झाला, म्हणजे चाकाच्या मधोमध न डुलता फिरायला लागला की तळहाताने दाबून बसका करा, बाहेरच्या दिशेने उघडत न्या, तळ सेंटीमीटरभर जाड राहिला की थांबा आणि रिबने, म्हणजे दाबायच्या चपट्या पट्टीने, मधून काठाकडे, काठाकडून मध्ये असं दाबत फिरवा. हे दाबणं लोक उरकून टाकतात ना, ते मला अजिबात पटत नाही. काठ आधी सुकून घट्ट होतो, मधली माती मागाहून आक्रसायला जाते, तेव्हा तिला सरकायला जागा नसते, ताण येतो, आणि ती सैल राहिलेली असेल तर तिथेच एस आकाराची चीर पडते, कधीकधी तर ती बिस्क, म्हणजे पहिली भाजणी, झाल्यावरच दिसते.

काठ अगदी शेवटी, चाक हळू करून पाडायचा, आणि थोडा वरच ठेवायचा, कारण नंतर तो खाली येतो. प्लेट बॅटपासून कापायची तार मात्र ताणलेली हवी, सैल तार मध्ये वर चढते आणि तळ मधोमध पातळ करते.

सुकवताना काठावर प्लास्टिकची पट्टी, मध्य उघडा. काठाला स्वतःचं वजन पेलवतंय असं वाटलं की वर दुसरी बॅट ठेवून प्लेट उलटी करा.

आता ट्रिमिंग, म्हणजे तळाची जास्तीची माती खरवडून काढणं. लेदर-हार्ड, म्हणजे चामड्याइतकी घट्ट झालेली प्लेट उलटी ठेवली की मधला भाग अधांतरी असतो, लूप टूलचा, म्हणजे खरवडायच्या कड्याचा दाब पडला की तो खाली बसतो, म्हणून आत मऊ मातीची चपटी गादी किंवा स्पंज ठेवा, नुसता टेकेल इतकाच, वर ढकलेल इतका नाही. मग बोटाने टकटक करून ऐका, जाड जागी आवाज बद्द येतो, पातळ होत गेली की तो मोकळा होतो, आणि हा फरक कानाला लवकर कळायला लागतो, सुई टोचून बघायची गरज फारशी उरत नाही.

सगळ्यात जास्त विचार करायचा तो फूट रिंग, म्हणजे प्लेट ज्यावर टेकते ते तळाचं कडं, कुठे घ्यायची याचा. वाटीसारखी लहान घेतली तर भट्टीत 1200 डिग्रीच्या वर माती मऊ होते आणि रिंगच्या बाहेरचा काठ लोंबतो, फार बाहेर घेतली तर मध्य खचतो. व्यासाच्या दोन तृतीयांशाच्या आसपास बहुतेक वेळा जमतं, मोठ्या प्लेटला आत आणखी एक छोटी रिंग ठेवा, पण ती बाहेरच्या रिंगपेक्षा किंचित कमी उंच कापा, नाहीतर प्लेट टेबलावर डुगडुगते.

आणि ट्रिम झाल्यावर काठाला धरून उचलू नका, दोन बॅटमध्ये धरूनच सुलटी करा, कारण या टप्प्यावर वाकलेला काठ हाताने सरळ केला तरी भट्टीत पुन्हा वाकतो.