लिंबाची फोड आणि चहाचा कप

(दृश्य : सकाळ. कांदेपोह्यांची बशी, कडेला लिंबाची फोड. शेजारी वाफाळता चहा.)

या बशीत एक ओढाताण चालू आहे. पोह्यांतलं लोह आतड्यात सहज शिरत नाही. लिंबाच्या रसातलं क जीवनसत्त्व त्याला शोषून घेता येईल असं रूप देतं. आणि चहातलं टॅनिन? ते त्याच लोहाला धरून ठेवतं, आत जाऊच देत नाही.

मोठ्या माणसाच्या अंगात लोह असतं जेमतेम 3 ते 4 ग्रॅम. त्यातलं बरंचसं रक्तातल्या तांबड्या पेशींत. या पेशींतल्या हिमोग्लोबिनच्या एका रेणूत लोहाचे 4 अणू, आणि प्रत्येक अणू ऑक्सिजनचा एकेक रेणू उचलून नेतो. तांबडी पेशी जगते साधारण 120 दिवस. ती मोडली, की प्लीहा आणि यकृत तिच्यातलं लोह भंगारवाल्याच्या चिकाटीनं वेचून ठेवतात. त्यामुळे रोज नव्यानं लागतं ते फक्त 1-2 मिलिग्रॅम. पाळी, बाळंतपण आलं, की हा हिशेब बिघडतो.

(दृश्य : जिन्यात थांबून कठडा धरलेली बाई.)

आधी अंगातला लोहाचा साठा संपतो, तेव्हा काहीच कळत नाही. मग दोन मजल्यांत धाप लागते. कुणी पाटीवरची पेन्सिल खातं, कुणी माती, कुणी नुसता बर्फ. घरचे याला खोड म्हणतात. बऱ्याचदा तो लोह कमी पडल्याचा इशारा असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, 2019-21 मध्ये, देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांना रक्तक्षय, म्हणजे हिमोग्लोबिन कमी, आढळला.

सगळाच रक्तक्षय लोहाचा नव्हे. नंदुरबार-गडचिरोलीकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, शाकाहारी घरांत बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता. म्हणून आधी तपासणी, मग लोहाची गोळी. आणि गोळीनं शौचाला काळी होते, हे देतानाच सांगायला हवं. नाहीतर मुली घाबरून शाळेत मिळालेली लोहाची निळी गोळी दप्तरातच ठेवतात.

(दृश्य : लोखंडी कढई, रटरटणारी आंबट भाजी.)

लोखंडात आंबट काळं पडतं, म्हणून पुष्कळ घरांत ते टाळतात. खरं तर आंबटामुळेच कढईतलं थोडं लोह भाजीत उतरतं. रंगाकडे जरा काणाडोळा केला तर चालेल.

(दृश्य : पुन्हा पोह्यांची बशी. हात लिंबू पिळतो. चहाचं आधण तासाभरानं चढतं.)