मोटरहोमच्या मागच्या दिव्याला श्वास घेऊ द्या

अध्यक्षमहोदय आणि श्रोतेहो, आजच्या व्याख्यानाचा विषय 'मोटरहोमच्या, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या वाहनाच्या, टेल लाइटमधील पाण्याची गळती आणि तिची दुरुस्ती' असा जाहीर झाला आहे आणि दुरुस्ती सांगितल्याशिवाय मी खाली बसणार नाही. तिच्याकडे वळण्याआधी मात्र एक विचार आपल्यापुढे मांडण्याची परवानगी घेतो, कारण तो पटला नाही तर पुढची सगळी मेहनत उलट्या दिशेने होते. टेल लाइट ही बंद डबी आहे असे समजून आपण तिच्याशी वागतो. प्रत्यक्षात ती दिवसभर श्वास घेत असते आणि आपल्या बहुतेक दुरुस्त्या त्या श्वासाच्या वाटा बुजवण्यातच खर्ची पडतात.

थोडा हिशेब करून पाहू. लाल काचेमागे, म्हणजे आपण सारे जिला काच म्हणतो पण जी बहुधा ॲक्रिलिकची असते तिच्यामागे, एक लिटर हवा आहे असे धरा. बाहेर २० अंश सेल्सिअस तापमान आहे आणि ऊन व ब्रेकचा २१ वॅटचा बल्ब यांनी मिळून आतली हवा ६० अंशांपर्यंत तापवली आहे. इतक्या फरकाने हवा सुमारे १४ टक्के प्रसरण पावते आणि जादा हवा मिळेल त्या फटीतून बाहेर पडते. तेवढ्यात पावसाची सर येते, दिवा काही मिनिटांत थंड होतो आणि आतल्या हवेची तूट भरून काढण्यासाठी जवळजवळ १२० मिलिलिटर हवा बाहेरून आत ओढली जाते. ज्या फटीतून ती यायची, त्या फटीवर आता पाण्याचा थर उभा आहे. दुसरी वाट मोकळी नसेल तर आतला दाब १२ टक्क्यांपर्यंत उतरू शकतो आणि ही तूट सुमारे १.२ मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाच्या दाबाएवढी असते. केसाएवढ्या भेगेतून पाणी आत खेचायला इतके पुरेसे आहे.

इथे कोणीतरी म्हणेल की आमच्या दिव्यावर 'आयपी ६७', म्हणजे धूळ आणि पाणी रोखण्याची मानक श्रेणी, असे छापलेले आहे. त्यातल्या सातचा अर्थ असा की तो दिवा एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास ठेवला तरी आत अपायकारक प्रमाणात पाणी जात नाही. पण त्या चाचणीची एक अट फारसे कोणी वाचत नाही : पाण्याचे आणि वस्तूचे तापमान यांत ५ अंशांपेक्षा जास्त फरक असता कामा नये. म्हणजे परीक्षा घेतली जाते ती गार दिव्याची, आणि रस्त्यावर भिजतो तो तापलेला दिवा. मी त्या मानकाचा अवमान करत नाही. त्याने न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्याच्यात शोधू नये, एवढेच म्हणतो.

जाणत्या उत्पादकांना हे ठाऊक असते, म्हणून ते दिव्याच्या तळाशी निचऱ्याची भोके ठेवतात किंवा पाठीमागे एक छोटी गोल पडदी बसवतात. ही पडदी बहुधा ताणलेल्या पीटीएफईची, म्हणजे ज्याला आपण टेफ्लॉन म्हणतो त्या प्लास्टिकची असते. तिच्यातून हवा आणि वाफ ये-जा करतात, पण द्रवरूप पाणी आत शिरत नाही. १९६९ साली अमेरिकी संशोधक बॉब गोर तापवलेल्या पीटीएफईच्या कांड्या हळूहळू ताणून पाहत होते आणि त्या तुटत होत्या. शेवटी वैतागून त्यांनी एकीला जोराचा झटका दिला आणि ती तुटण्याऐवजी कित्येक पट लांबली. वैतागातून काही चांगले निघाल्याचे हे दुर्मिळ उदाहरण आहे. माझ्या वैतागातून निदान हे व्याख्यान तरी निघाले आहे.

आता त्या वैतागाकडे, म्हणजे फटी बुजवायच्या सिलिकॉनच्या नळीकडे येतो. आपल्या वाहनाच्या दिव्याभोवती ज्यांनी आयुष्यात कधीही सिलिकॉन फासलेले नाही, त्यांनी कृपया हात वर करावेत. पुढच्या रांगेत एक हात अर्धा वर आला होता, तो शेजारच्या बाईंनी पाहताच खाली गेला. आभारी आहे, माझा मुद्दा सिद्ध झाला.

माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांच्या मोटरहोमची गोष्ट सांगतो. डाव्या टेल लाइटमध्ये तळाशी थोडे पाणी दिसू लागले, म्हणून त्यांनी वाहन एका वर्कशॉपमध्ये नेले. तिथे दिवा न उघडताच त्याच्या वरच्या कडेला सिलिकॉनची जाड रेघ ओढून देण्यात आली. पुढच्या पावसात पाणी पुन्हा आले. मग दोन्ही बाजूंच्या कडाही भरल्या गेल्या. पाणी तरीही येत राहिले. तिसऱ्या खेपेस कारागिराने वाकून पाहिले, तेव्हा दिव्याच्या खालून थेंब पडताना त्याला स्पष्ट दिसले आणि 'साहेब, गळती सापडली' असे आनंदाने जाहीर करून त्याने ते भोक बुजवले. ते निचऱ्याचे भोक होते. आत आलेले पाणी ज्या एकमेव वाटेने बाहेर पडत होते ती वाट बंद झाली, आणि बिलावर 'गळती बंद केली' असे लिहिले गेले. माझ्या मते त्या बिलात एकही अक्षर खोटे नव्हते, कारण त्यानंतर त्या दिव्यातून पाण्याचा एक थेंबही बाहेर आला नाही. ते आत साठत गेले, बल्बचे होल्डर बुडाले, पितळेवर हिरवा थर चढला, आणि ब्रेक दाबला की इंडिकेटरही मंदपणे उजळू लागला, कारण अर्थिंगचा जोड गंजून गेला होता.

शेवटी दिवा उघडला तेव्हा असे दिसले की पाणी काचेच्या कडेने मुळी येतच नव्हते. ते मागच्या भिंतीच्या आतून, वायरींच्या जुडग्यावरून ओघळत दिव्याच्या पाठीत शिरत होते. भिंतीतली लाकडी चौकट बोटाने दाबली तरी दबत होती. बाहेरून सिलिकॉनचे थर चढत असताना आत लाकूड कुजत होते, आणि माझी खरी तक्रार हीच आहे : दिव्यातले पाणी ही बहुतेकदा किरकोळ अडचण असते, पण दिव्याच्या मागे भिंतीत मुरलेले पाणी वाहनाचे आयुष्य खाते. आपण मात्र डोळ्यांना दिसते त्याच पाण्याशी भांडत बसतो.

सिलिकॉनविषयी आणखी दोन शब्द बोलतो आणि मग त्याला सोडतो. ज्याला व्हिनेगरचा वास येतो ते सिलिकॉन सुकताना ॲसेटिक आम्ल सोडते आणि ते आम्ल तांब्या-पितळेच्या जोडांना गंजवते. बंद दिव्यात ते फासणे म्हणजे विकतचा गंज आत कोंडणे होय. शिवाय त्याचा पातळ थर एकदा पृष्ठभागावर राहिला की त्यावर पुढे दुसरे काहीही धड चिकटत नाही, नवे सिलिकॉनसुद्धा.

आणखी एक प्रश्न नेहमी विचारला जातो : काचेच्या आत आलेली वाफ ही गळतीच समजायची का? २० अंशांना एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे १७ ग्रॅम वाफ मावते, म्हणजे एक लिटरच्या दिव्यात १७ मिलिग्रॅम. हे एका थेंबापेक्षाही कमी झाले. सकाळी काच धुरकट दिसते आणि दिवा पेटल्यावर किंवा ऊन आल्यावर निवळते, तर काळजी करू नये. तळाशी चमचाभर पाणी हलताना दिसत असेल, तर मात्र बहुधा ते वाट काढून आलेले असते. एलईडी दिव्यांत उष्णता कमी असल्यामुळे हा धुरकटपणा रेंगाळतो आणि नवा दिवा बसवणाऱ्याला उगीच फसवणूक झाल्यासारखे वाटते.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे आणि तिच्यावर लिहिलेला मिनिटांचा आकडा मला आवडलेला नाही. म्हणून आता दुरुस्ती, आणि तीही भरभर.

आधी निदान करावे. दिव्याच्या मागे आतून हात पोहोचत असेल तर तिथे कोरडा टिश्यू पेपर लावावा आणि बाहेरून पाण्याची हलकी धार खालून वर सरकवत न्यावी, प्रत्येक उंचीवर काही मिनिटे थांबून. वरून सुरुवात केली तर सगळेच भिजते आणि काहीच कळत नाही. दिवा काढल्यावर निचऱ्याची भोके तात्पुरती चिकटपट्टीने बंद करावीत, वायरीच्या भोकातून तोंडाने हलकेच फुंकावे आणि सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे जागा दाखवतात. कॉम्प्रेसर वापरू नये, त्याने नव्या भेगा पडतात. आत मातीची बारीक रेघ दिसली तर पाणी बहुधा रस्त्यावरून आलेले असते, कारण धावत्या चौकोनी वाहनाच्या मागे कमी दाबाचा पट्टा तयार होतो आणि चाकांनी उडवलेला फवारा तिथे घुटमळत राहतो.

जुने सिलिकॉन प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून काढावे. ॲक्रिलिकला थिनर, पेट्रोल किंवा अल्कोहोल लावू नये. त्याने बारीक तडे जातात. काचेखालचा फोमचा गॅस्केट चपटा होऊन उसळेनासा झाला असेल, तर बंद पेशींच्या, म्हणजे पाणी न शोषणाऱ्या, ईपीडीएम रबराच्या फोमचा नवा घालावा आणि स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीने, हाताच्या जोरानेच आवळावेत. दिवा आणि वाहनाची भिंत यांच्यामध्ये ब्यूटाइल टेप, म्हणजे चिकट रबराची पट्टी, लावावी, कारण ती वर्षानुवर्षे मऊ राहते आणि दिवा पुन्हा काढता येतो. ही टेप फक्त वरच्या आणि दोन्ही बाजूंच्या कडांना लावावी. खालची कड मोकळी ठेवावी. प्रत्येक स्क्रूच्या आणि वायरीच्या भोकाभोवती मात्र ब्यूटाइलचे पूर्ण कडे करावे, म्हणजे दिव्यामागे आलेले पाणी भिंतीत न शिरता खाली वाहून जाईल.

निचऱ्याचे भोक सर्वांत खालच्या जागी आणि चार-पाच मिलिमीटर व्यासाचे असावे. दोन मिलिमीटरचे भोक पृष्ठताणामुळे जवळपास दीड सेंटीमीटर पाणी अडवून धरू शकते, आणि मग ते असूनही नसल्यासारखे होते. मूळ पडदी असेल तर तिच्यावर रंग, मेण किंवा तेल लागू देऊ नये. वायर भिंतीत शिरते तिथे रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेला बसणारे कडे, घालावे आणि दिव्यापाशी येताना तिला खाली लोंबता वळसा द्यावा, म्हणजे ओघळणारे पाणी वळशाच्या तळाशी गळून पडते. अर्थिंगचा जोड घासून घट्ट करावा : तिथे एक ओहमचा जरी अडथळा आला, तरी १२ व्होल्टवर चालणाऱ्या २१ वॅटच्या बल्बला मिळणारा विद्युतदाब सुमारे दीड व्होल्टने घटतो आणि उजेड जवळपास एक-तृतीयांश कमी होतो. ब्रेकच्या दिव्याला हे परवडणारे नाही. लाकडात आर्द्रतामापक टोचून पाहावा. २० टक्क्यांच्या वर आकडा असेल तर भिंत कोरडी होईपर्यंत दिवा बसवण्याची घाई करू नये.

शेवटचा मुद्दा खरे तर पहिला असायला हवा होता. ज्या वाहनांना मागच्या भिंतीवर उंचावर तिसरा ब्रेक लाइट आहे, त्यांनी खालच्या दिव्याला हात लावण्याआधी तो उघडून पाहावा. त्याच्या मागून शिरलेले पाणी भिंतीच्या आतून वायरीवर उतरते आणि थेट टेल लाइटमध्ये येऊन दिसते. त्याचे सील ब्यूटाइलने त्याच पद्धतीने, खालची कड मोकळी ठेवून करावे आणि वायरीचे भोक तर सर्वांत आधी बंद करावे. अध्यक्ष उभे राहिले आहेत; बाकीचे प्रश्न बाहेर व्हरांड्यात घेऊ.