तुडतुड्याच्या पोटात कोण?

[दृश्य : देवगडकडची आंब्याची बाग. मोहोरलेली कलमं.]

कोकणातल्या बागायतदाराला तुडतुडा ओळखायला शिकवावं लागत नाही. मोहोर आला की तुडतुडा आलाच. कोवळ्या दांड्यातला रस शोषतो, मोहोर गळतो, आणि त्याने टाकलेल्या चिकट पाण्यावर बुरशी धरून पानं काळी पडतात. पण आज कॅमेरा तुडतुड्यावर नाही. त्याच्या पोटात बिऱ्हाड केलेल्या दुसऱ्या कीटकावर आहे.

[अगदी जवळून : तुडतुड्याचं पोट]

पोटाच्या दोन खंडांमधल्या फटीतून ते तपकिरी टोक बाहेर आलेलं दिसतंय? ती स्ट्रेप्सिप्टेरा गणातली (गण म्हणजे कीटकांचा मोठा गट) मादी. डोकं आणि छाती एकमेकांत मिसळलेली, तेवढीच बाहेर. बाकी सगळी आत. पंख नाहीत, पाय नाहीत, डोळे नाहीत. ती जन्मात इथून हलत नाही. नर मात्र बाहेर पडतो आणि उडतो, पण आयुष्य काही तासांचं. तेवढ्यात त्याला मादी गाठायची असते. पुढे तिच्या पोटातून शेकड्यांनी पिल्लं बाहेर येतात, डोळ्यांना जेमतेम दिसतील एवढी. त्यांना पाय असतात, कारण नवा तुडतुडा शोधायचा असतो. एकदा आत शिरली की पायही जातात.

आता हा प्राणी कुठल्या घराण्यातला?

१७९३ मध्ये इटलीत पिएत्रो रोस्सी यांनी गांधीलमाशीवरचा असा कीटक नोंदवला. १८१३ मध्ये इंग्लंडच्या विल्यम कर्बी यांनी त्यांचा स्वतंत्र गण केला. तरी वाद मिटला नाही. नाते ठरवायला मादीचा उपयोगच नाही, कारण तिच्या अंगावर तुलना करण्यासारखं फार काही उरलेलंच नाही. मग नर बघा. त्याचे मागचे पंख पंख्यासारखे पसरट, आणि पुढच्या पंखांच्या जागी नुसत्या दोन छोट्या गाठी. माशी आणि डासात नेमकं उलटं असतं : पुढचे पंख उडायला, मागच्यांच्या गाठी तोल सांभाळायला. १९९४ मध्ये काही शास्त्रज्ञांनी मांडलं की हे माशांचेच भाऊबंद असावेत, आणि जनुकीय बदलाने पुढचं मागे, मागचं पुढे झालं असावं. कल्पना इतकी देखणी होती की ती खरी ठरावी असं कुणालाही वाटलं असतं. पण त्या गणाची जनुकं फार वेगाने बदललेली आहेत, आणि दोन घराणी अशी वेगाने बदललेली असली की त्यांच्यात मुळात नसलेलं नातंही दिसू शकतं. २०१२ मध्ये संपूर्ण जीनोम, म्हणजे सगळी जनुकीय माहिती, वाचल्यावर उत्तर निघालं : सर्वांत जवळचे नातेवाईक भुंगेरे.

[दृश्य : कलमाचं खोड. सालीवर पांढुरकं जाळं.]

नात्याचा असा गोंधळ एकट्या याच गणाचा नाही. त्याच झाडाच्या सालीवर जाळं दिसलं की ते कोळ्याचं म्हणून आपण पुढे जातो. कधीकधी ते एम्बिया गटाच्या कीटकांनी विणलेलं असतं. त्यांचं रेशीम पुढच्या पायांच्या फुगीर पावलांतून निघतं, आणि ते त्या रेशमी बोगद्यांतच राहतात. आज त्यांना काडीकिड्यांच्या जवळ मानतात. याआधी त्यांना इतर घराण्यांशीही जोडून झालं आहे. खालचं वारूळ तर सगळ्यांच्या ओळखीचं. वाळवीचा कित्येक वर्षं वेगळा गण होता. २००७ मधल्या डीएनए अभ्यासानंतर ती झुरळांच्याच गणात गेली.

सगळेच प्रश्न सुटलेले नाहीत. कुजक्या सालीखाली राहणारा झोरॅप्टेरा नावाचा चिमुकला गण इटलीचे कीटकशास्त्रज्ञ सिल्व्हेस्त्री यांनी १९१३ मध्ये नोंदवला. तो नेमका कुणाच्या शेजारी बसवायचा, यावर अजून एकमत नाही.

[दृश्य : फवारणीची तयारी]

फवारणीत तुडतुड्याबरोबर त्याच्या पोटातली ही मादीही मरते. ती ज्या तुडतुड्यात असते, त्याची वीण बहुधा खुंटते, म्हणजे ती बागायतदाराच्याच बाजूची आहे. म्हणून एक मनापासून विनंती : पंप पाठीवर घेण्याआधी काही तुडतुडे पकडा, भिंगाखाली उलटे करा आणि पोटाच्या फटी बघा. तपकिरी टोक दिसलं तर फोटो काढा, गाव आणि तारीख लिहा, आणि जवळच्या कृषी संशोधन केंद्रात दाखवा.