गवत मेल्यावर

मित्रहो, प्रलयाची विज्ञानकथा म्हटली की धूमकेतू, आगीचे लोळ, बुडालेली शहरे असे काहीतरी डोळ्यांसमोर येते. आज जिच्याविषयी बोलायचे आहे, त्या कादंबरीत प्रलय येतो तो पावलांचा आवाजही न करता. तिच्यात फक्त गवत मरते. सॅम यूड यांनी जॉन ख्रिस्तोफर या टोपणनावाने लिहिलेली 'द डेथ ऑफ ग्रास' १९५६ साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाली.

'गवत' या शब्दाने आपली फसगत होते. बांधावरची हिरवी पाती किंवा गुरांपुढे टाकलेली पेंढी आठवते. पण वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने भात, गहू, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, ऊस आणि बांबूसुद्धा याच एका कुळातले. आपल्या ताटातून भात, भाकरी आणि पोळी उचला, चहातली साखर काढा, आणि वैरण संपली म्हणजे दुधाचेही नाव सोडा. मग ताटात किती उरते ते पाहा.

विषाणू प्रथम चीनमधल्या भातावर पडतो. तिथल्या उपासमारीच्या बातम्या इंग्लंडमधले सुखवस्तू लोक हळहळत, पण पोटभर जेवून वाचतात. ब्रिटनमधले रेशनिंग १९५४ साली संपले होते, त्यामुळे कादंबरीच्या पहिल्या वाचकांना मोजून मिळालेल्या शिध्याची आठवण ताजी असणार. पुढे रोग गहू-बार्लीसकट साऱ्या तृणकुळावर पसरतो, आणि खाणारी तोंडे कमी व्हावीत म्हणून स्वतःच्याच शहरांवर बॉम्ब टाकण्याचा बेत सरकार आखते.

मला मात्र त्या बॉम्बपेक्षा एक शेतघर अधिक अस्वस्थ करते. जॉन कस्टन्स हा लंडनमधला अभियंता, चांगला गृहस्थ, बायकामुलांना आणि मित्रांना घेऊन उत्तरेला, वेस्टमोरलंडमधल्या भावाच्या दरीकडे निघाला आहे. वाटेत अन्नासाठी ही मंडळी एका शेतकरी जोडप्याला गोळ्या घालतात आणि पोरक्या झालेल्या त्यांच्या मुलीला सोबत घेतात. हे करणारे दरोडेखोर नव्हेत. काही दिवसांपूर्वी आपल्या शेजारी बसून ज्यांनी चहा घेतला असता, अशी ही माणसे आहेत. लेखक इथे हळहळत नाही, कोणाला झोडपतही नाही. आणि त्यामुळेच, आपणही त्या टोळीबरोबर कधी चालू लागलो, हे वाचकाच्या उशिरा ध्यानात येते. माझ्या मते कादंबरीचे खरे बळ इथे आहे. विषाणूचे शास्त्र हे निमित्त.

दरीच्या तोंडाशी भाऊ डेव्हिड उभा असतो. जॉनच्या कुटुंबाला तो आत घेईल, पण वाटेत जमलेल्या साऱ्या जमावाला पुरेल इतके अन्न दरीत नाही. हिशेब त्याचा बरोबर आहे, आणि मागे उभ्या असलेल्या माणसांना सोडून न देणाऱ्या जॉनचाही चूक म्हणवत नाही. टोळी हल्ला करून दरी घेते. डेव्हिड त्यात मारला जातो. येऊ घातलेले संकट ओळखून त्याने शेतात आधीच लावलेले बटाटे जॉनच्या माणसांच्या हाती येतात.