वाहाका : मित्लाच्या रस्त्यावर

आधी हे झाड बघा. एका चौकटीत मावत नाही, म्हणून कॅमेरा खोडाभोवती फिरवावा लागतोय. घेर सुमारे 42 मीटर. सांता मारिया देल तूले गावात, चर्चच्या अंगणात, हे सायप्रस जातीचं झाड दीड-दोन हजार वर्षं उभं आहे असं मानतात. चर्च त्याच्यापुढे खेळण्यातलं वाटतं.

हे मेक्सिकोच्या दक्षिणेचं राज्य, वाहाका. प्रशांत महासागराचा लांबलचक किनारा त्याला लाभलाय आणि पुएर्तो एस्कोंदिदोच्या लाटांसाठी जगभरातून माणसं येतात. पण हाताशी दोनच दिवस असतील, तर समुद्र राहू द्या. वाहाका शहरातून पूर्वेला, जुन्या वाड्यांच्या मित्ला गावाकडे जाणारा रस्ता धरा.

तूलेनंतर लागतं तेओतित्लान देल व्हाये. इथल्या झापोतेक, म्हणजे या भागातल्या मूळ रहिवासी समाजाच्या, विणकरांच्या घरात हातमाग असतो आणि अंगणात निवडुंग. त्या निवडुंगाच्या पानांवर पांढरी बुरशी धरल्यासारखं दिसतं, ते कोचिनील नावाचे किडे. वाळलेला किडा तळहातावर चुरडला की हात लालभडक होतो. त्यात लिंबू पिळलं की रंग केशरीकडे झुकतो, चुना घातला की जांभळा होतो. स्पॅनिश राजवटीत मेक्सिकोतून चांदीच्या खालोखाल मोलाचा माल होता तो हाच रंग. इथे घाई करू नका. गालिचा घ्यायचा नसला तरी रंग करताना नक्की बघा.

पुढे उजाड डोंगर दिसतात, त्यांच्या पोटात गुहा आहेत. गिला नाकित्स ही त्यातली एक. तिथे भोपळ्याच्या सुमारे 10,000 वर्षं जुन्या बिया मिळाल्या, आणि मक्याची इवलीशी कणसं, सव्वासहा हजार वर्षांपूर्वीची. युनेस्कोने 2010 मध्ये हा परिसर जागतिक वारशात घेतला. बाहेरून बघाल तर नुसता खडक आणि काटेरी झुडपं. पण माणूस शेतकरी कसा झाला, याचे फार जुने पुरावे इथल्या मातीत होते.

म्हणून मित्लाला पोचलात की आधी जेवा. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून भिजत ठेवतात. मग तो मेताते नावाच्या दगडावर वाटतात. आपल्या पाट्या-वरवंट्याचंच हे भावंड. मातीच्या तव्यावरून उतरलेली ती भाकरी, म्हणजे तोर्तिया, गरम असतानाच खायची.

मित्लाच्या वाड्यांच्या भिंतींवर कोरीवकाम आहे असं वाटेल. जवळ जा. दगडाचे हजारो छोटे तुकडे घासून, चुन्याशिवाय एकमेकांत बसवलेत. त्यांतून पायऱ्यांची, वळणांची नक्षी उठते. स्पॅनिशांनी इथलेच दगड काढून शेजारी चर्च बांधलं. ते बघून जीव तुटतो.

पुढे डोंगरात इएर्वे एल आग्वा. कड्यावरून पांढरा धबधबा कोसळताना दिसतो, पण तो दगडाचा आहे. झऱ्याच्या पाण्यातला चुना थरावर थर साचून घडलेला. नावाचा अर्थ ‘पाणी उकळतंय’, पण पाणी गरम नसतं, नुसते बुडबुडे येतात. गावांमधल्या वादामुळे ही जागा मध्यंतरी बंदही होती. निघण्याआधी चौकशी करा.

दुसऱ्या दिवशी मात्र पहाटे उठून शहराच्या पश्चिमेला, मोंते आल्बानला जा. इसवीसनापूर्वी 500 च्या सुमारास झापोतेकांनी डोंगरमाथा सपाट करून इथे नगर वसवलं. दगडांवर वेड्यावाकड्या अवयवांच्या आकृत्या आहेत. त्यांना आधी नर्तक समजत. आता बहुतेक अभ्यासक म्हणतात, हे मारलेले युद्धकैदी. डोळे मिटलेले आहेत, ते नीट बघा. 1932 मध्ये पुरातत्त्वज्ञ आल्फोन्सो कासो यांना इथल्या सातव्या थडग्यात सोन्याचा ठेवा सापडला. तो शहरातल्या सांतो दोमिंगो या जुन्या मठातल्या संग्रहालयात आहे.

मग उंच चौथऱ्यावर चढा. खाली दरीचे तीन फाटे पसरलेत. पूर्वेचा फाटा म्हणजे आपला कालचा रस्ता. पावसाळ्यात आलात, तर त्याच्या दोन्ही अंगांना मका उभा असेल.