पापलेट हवाय, पण कुठला?

नमस्कार मंडळी! आज बोलूया पापलेटबद्दल. या एका नावाखाली आपल्या बाजारात इतके वेगवेगळे मासे विकले जातात ना, की घेणाऱ्याने जरा नीट बघूनच घ्यावं.

मानाचा तो चंदेरी पापलेट, कोकणात सरंगा म्हणतात तोच. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राने त्याला राज्यमासा जाहीर केलं आणि पालघर जिल्ह्यातल्या सातपाटीच्या मच्छीमारांनी ही मागणी लावून धरली होती, त्यांचं खरंच कौतुक. हातात घेतला की बारीक चंदेरी खवले बोटांना चिकटतात, पंख कोयत्यासारखे वळलेले, शेपटीचं खालचं टोक लांब. पंख आखूड आणि रुंद दिसले तर तो चायनीज पापलेट, त्याचाच चुलत भाऊ.

पण हलवा? त्याला इंग्रजीत ब्लॅक पॉम्फ्रेट म्हणतात म्हणून सगळे त्याला काळा पापलेटच समजतात, पण तो त्या घरातला नाहीच, तो कोकर नावाच्या माशाच्या कुळातला. शेपटीच्या जरा अलीकडे बाजूने बोट फिरवून बघा, कडक खवल्यांची खरखरीत रेघ लागते, सरंग्याला ती नसते. चवीला मात्र हलवा फर्स्टक्लास, मांस घट्ट, तळायला तर मला तोच जास्त आवडतो, त्याला दुसऱ्याच्या नावाची गरजच नाही.

आता पॉम्पॅनो पण आलाय. तामिळनाडूतल्या मंडपमच्या सागरी मत्स्य संशोधन केंद्रात २०११ मध्ये त्याचं बीज तयार झालं आणि आता तो पिंजऱ्यात वाढवतात. चांगला मासा आहे, पण पापलेट नाही, पोटाखाली छोट्या पंखांची जोडी असते, मोठ्या सरंग्याला ती नसते.

आणि रूपचंद! हा तर समुद्रातलाही नाही, मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचा, आपल्याकडे तळ्यात वाढवतात. काही ठिकाणी तो पापलेट म्हणून खपवतात, मसाला लावून तळला की ओळखणार कसं? अख्खा मासा समोर असेल तर तोंड उघडायला सांगा, आत चक्क माणसासारखे दात दिसतील.

ही फसवणूक फक्त पैशांची नाही हो. स्वस्तातला 'पापलेट' म्हणून सरंग्याची पिल्लंही वाट्यावर येतात, अंडी घालायच्या आधीच पकडलेली, आणि मग मोठा मासा येणार कुठून? म्हणूनच राज्याने ५४ जातींसाठी पकडायची किमान लांबी ठरवली, त्यात चंदेरी पापलेटची १३५ मिलिमीटर आहे आणि हलव्याची वेगळी. मग टोपलीत सगळ्यांनाच पापलेट म्हटलं तर कुठल्या माशाला कुठलं माप लावायचं? त्यामुळे मावशींना विचारतानाच सरळ विचारा, सरंगा आहे का हलवा, आणि सरंगा म्हणाल्या तर लांबी बघून घ्या.